निळी लड

त्या महिन्यात आमच्याकडे रात्र नसते.
सूर्य बुडतो तो नावापुरता,
मध्यरात्री अंगणात बसून सुईत दोरा ओवता येतो.
शेटलंडच्या बेटांवर झाड नाही, झुडूप नाही.
लपायचं म्हटलं तर माणसाने
सावली उसनी आणायची कुठून?

आणि लर्विकच्या बंदरात राजाचं जहाज उभं.

युद्ध कुणाशी ते पाद्रीबाबांना ठाऊक.
आम्हाला कळायचं ते इतकंच, की आरमारात माणसं कमी पडली
की ती आमच्या घरांत जास्त झालेली असतात.
एक लेफ्टनंट, आठ सोटेवाले, एक कागद.
आधी तळहात उलटून बघायचे:
दोराचे घट्टे आहेत का, नखांत डांबर आहे का.

माझा रॅस्मी देवमाशांच्या मागे सात हंगाम गेलेला.
परतीच्या वाटेवरच उतरवून घेतात, म्हणून यंदा मी जाऊ दिलं नाही.
हिवाळाभर त्याला लोकर पिंजायला बसवलं,
मेंढीच्या तेलाने कातडी मऊ पडेल या आशेने.
पडली नाही.

त्या रात्री, म्हणजे त्या उजेडात,
मी त्याला पीटच्या ढिगात पुरला.
दलदलीतून कापून वाळवलेली काळी ढेकळं,
वर्षभराची चूल.
वर एक कोंबडी बसवली.

लेफ्टनंट पोरसवदा होता, गालावर पुटकुळ्या.
टोपी काढून म्हणाला, "बाई, घरात पुरुष?"
"ग्रीनलंडला."
तो हसला, आणि ढिगाकडे चालू लागला.

मी काही बोलले नाही.
देवासमोर शपथेवर सांगेन, शब्द नाही, बोटसुद्धा नाही.
फक्त पाहिलं.
ओढ्यापलीकडे, सिनीच्या धुराड्याकडे,
जरा जास्त वेळ.

तो थांबला.
माझ्या नजरेच्या रेघेवरून त्याने मान वळवली,
जशी तोफ वळवतात.

सिनीचा भाऊ गिबी रंगारी.
साऱ्या वस्तीचं शिळं मूत पिंपात साठवून नीळ आंबवायचा,
लोक नाक धरून त्याच्या दारावरून जायचे
आणि रविवारी त्याच निळ्या शाली पांघरून चर्चला.
होडीत त्याने कधी पाय ठेवला नव्हता,
नुसतं धक्क्यावर उभं राहून पोटात ढवळायचं त्याच्या.
हात मात्र कोपरापर्यंत निळे.
"गोंदण दिसतंय," एक सोटेवाला म्हणाला, "जरा उतू गेलेलं."

सिनीने त्याचा पाय धरला,
फरफटत ओढ्यापर्यंत आली.
शेवटी बूट तिच्या हातात राहिला.

तेवढ्यात ढिगात रॅस्मी शिंकला.
ऐकलं फक्त मी आणि कोंबडीने.

चार वर्षांनी कुणा परक्या खलाशाकडून कळलं:
ताप, कुठलंसं गरम बंदर, नाव त्याला सांगता येईना.
पगार आला नाही. बूट अजून सिनीच्या फळीवर आहे.

दर शरदात मी तिला तीन टोपल्या पीट नेऊन टाकते.
ती म्हणते, "ओस्ला, तुझ्यासारखी शेजारीण नशिबाने मिळते."
मी म्हणते, "टोपली जड आहे, घे आधी."

काल ती आली.
पदराआडून काढावी तशी शालीतून काढली
निळ्या लोकरीची एक लड,
एका टोकाला कसर लागलेली.
"गिबीच्या शेवटच्या पिंपातली. किती वर्षं जपायची?
रॅस्मीला मोजे कर. त्याचे पाय गारठतात ना हल्ली."

मी टाके घातलेत.
समोर रॅस्मी पाय पसरून बसलाय, म्हातारा, धडधाकट.
"रंग काय पक्का बसलाय," म्हणतो, "कुणाच्या हातचा?"

मी टाके मोजतेय.
मान वर केली तर डोळे
कुठेतरी जातील.